रेफ्रीनं विचारलं म्हणून

बेंगळूरला येऊन मला बरीच वर्षं झाली, तरी फायनल म्हटली की अजून आदल्या रात्री झोप लागत नाही. फायनल म्हणजे टीव्हीवर दाखवतात ती परदेशी क्लबांची नव्हे. कोल्हापूरची. आमच्या पेठेची तालीम विरुद्ध पलीकडच्या पेठेची तालीम. आमच्याकडं कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ काढले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवले. लोक लग्नाची तारीख पुढं ढकलतील, पण फायनल चुकवणार नाहीत. हे ऑफिसात सांगून कुणाला पटत नाही. एकदा टीममधल्या एका मुलानं विचारलं होतं, "मतलब गल्ली क्रिकेट जैसा?" त्या आठवड्यात मी त्याच्या कामातल्या चुका जरा जास्तच मन लावून शोधल्या. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याच्या चुका काढायचाच मला पगार मिळतो.

यंदाच्या फायनलला माझा धाकटा भाऊ खेळणार होता. बचावात, अगदी मधोमध. दिवसभर एका कारखान्यात लेथवर उभा राहतो, पहाटे आणि संध्याकाळी तालमीच्या संघाबरोबर पळतो. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. आईला रागावता येत नाही, त्यामुळं घरातलं रागवायचं खातं तेव्हापासून माझ्याकडं आलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते जमतंही चांगलं. फायनलच्या आदल्या दिवशी मी त्याला फोनवर चांगलं दमात घेतलं होतं. रात्री लवकर झोप, मोबाइल बघत बसू नको, आणि काहीही झालं तरी रेफ्रीच्या नादाला लागू नको. त्याला मागं एकदा वाद घातल्याबद्दल पिवळं कार्ड मिळालं होतं. "व्हय आक्का," "व्हय आक्का," करत त्यानं सगळं ऐकून घेतलं.

आम्ही पेठेतली बेंगळूरला असलेली मंडळी फायनल एकत्र बघतो. हेब्बाळला तलावाच्या बाजूला आमच्याच गल्लीतल्या एका मुलाचा फ्लॅट आहे, तिथं. हा यजमान आयटीतला, पुण्यात शिकलेला. एरवी बोलताना निम्मं इंग्रजी. फायनलच्या दिवशी मात्र जीभ पेठेत जाते. त्याची बायको नागपूरची. तिला या खेळातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. इंदिरानगरहून एक जण येतो, तिथल्या कुठल्याशा स्टार्टअपमध्ये आहे. बोलायला घाई, मोबाइल कायम हातात. आणि बसवनगुडीहून काका येतात.

काकांबद्दल सांगायला हवं. ते इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागले आणि निवृत्त होऊन इथंच राहिले. इतकी वर्षं झाली की त्यांच्या मराठीत कन्नड 'सरी' (बरोबर, ठीक) आणि 'स्वल्प' (जरा) कधी येतं ते त्यांनाही कळत नाही. पण आमच्या तालमीनं ही ट्रॉफी शेवटची जिंकली तेव्हा कॅप्टन ते होते. तालमीत आजही काही अडलं की कुणीतरी म्हणतंच, "बेंगळूरच्या काकांना विचारा." त्यांचा शब्द पेठेत मोडत नाही. मी त्यांना जरा वचकूनच असते, आणि मी फारशी कुणाला वचकत नाही.

तर त्या रविवारी दुपारी आम्ही जमलो. वर्तमानपत्रावर भडंग ओतलं, बेकरीतले खारा बन आले. मोबाइलवरचं थेट प्रक्षेपण टीव्हीवर लावलं. चित्र मधूनच अडकायचं आणि माझा श्वासही. शून्य-शून्य. मध्यंतर झालं, तरी शून्य-शून्य. माझा भाऊ सुरेख खेळत होता. दर वेळी त्यानं चेंडू काढून घेतला की काका माझ्याकडं वळून मान हलवायचे. "पोरगं उभं कसं राहतंय बघ. हालत न्हाई जागचं," असं ते म्हणाले तेव्हा मला गुदगुल्या झाल्या आणि भीतीही वाटली. आमच्या घराला कौतुक पचत नाही.

सामना संपायला थोडाच वेळ राहिला होता. त्यांचा कॉर्नर आला. आमच्या गोलसमोर गर्दी. चेंडू उडाला, कुणाच्या तरी अंगाला लागून गोललाइनच्या बाहेर गेला. रेफ्रीनं गोलकिकची खूण केली, म्हणजे चेंडू आमचा. त्यांची पोरं धावत रेफ्रीकडं आली, हात दाखवून ओरडायला लागली: हॅण्ड, हॅण्ड. असं तर प्रत्येक कॉर्नरला ओरडतात. रेफ्री त्यांना बाजूला सारत पुढं आला आणि माझ्या भावासमोर थांबला. काहीतरी बोलला.

माझ्या भावानं मान हलवली. मग उजवा हात जरा वर केला आणि डाव्या हातानं त्याचं कोपर दाखवलं.

रेफ्रीनं पेनल्टीच्या खुणेकडं बोट केलं.

फ्लॅटमध्ये एकच ओरडा झाला. यजमान सोफ्यावरून उठून टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला. इंदिरानगरवाल्यानं रेफ्रीच्या सात पिढ्या काढल्या. "दबाव आणला बघ, दबाव आणला त्यांनी!" काका पुढं वाकून म्हणाले, "आमच्या पोराला काय इचारलं त्यानं? पोरगं सांगालंय न्हाई लागला म्हणून, तरी दिली?"

मला कळलं होतं. त्या खोलीत एकटीला मला कळलं होतं. लहानपणी घरात काही सांडलं-फुटलं की हा असाच समोर येऊन ज्या अवयवाची चूक तो दाखवायचा. गुडघा लागला, की गुडघा. कोपर लागलं, की कोपर. तो 'नाही' म्हणत नव्हता. तो सांगत होता, हो, इथं लागला.

गोलकीपर डावीकडं झेपावला, चेंडू उजवीकडून गेला. थोड्या वेळानं शिट्टी झाली. आम्ही हरलो.

आमच्या तालमीची एक रीत आहे. हरलेल्या दिवशी संघानं गाडीत बसायचं नाही. मैदानापासून तालमीपर्यंत चालत यायचं, रस्त्यातून, लोकांच्या देखत. जिंकल्यावर ट्रकवर नाचत येतात, पण हरल्यावर पायी. तालमीत मारुतीच्या पाया पडून सगळ्यांनी जमिनीवर बसायचं आणि वस्ताद, म्हणजे तालमीचे मोठे, बोलून 'जावा' म्हणेपर्यंत उठायचं नाही. मला ही रीत नेहमी फार आवडायची. आता मात्र मनात एकच चित्र येत होतं: तो रस्ता, दोन्ही बाजूला उभी पेठ, आणि मधून खाली मान घालून येणारा माझा भाऊ.

मी बाल्कनीत जाऊन त्याला फोन लावला. बंद. आईला लावला. वाजत राहिला. परत लावला.

"आई, काय करालीस?"

"दार लावून बसलोय."

आमच्या गल्लीत अंधार पडेपर्यंत कुणी दार लावत नाही. दार लावलेलं दिसलं तर शेजारीण विचारायला येते, बरं हाय न्हवं? मी विचारलं, "का गं? कोण काय बोललं?"

"बोललं न्हाई कोण. पण पलीकडच्या घरातली वैनी रोज हाक मारून जाती, आज बघून बी न बघितल्यागत गेली. मग लावलं दार. ह्यानं काय केलंय गं?"

"काही नाही. हरलेत फक्त. येईल तो," मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला. मी बाल्कनीतून आत आले तेवढ्यात आतल्यांनाही खरं कळलं.

इंदिरानगरवाला मोबाइल वाचत होता. वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला. माझ्याकडं न बघताच तो म्हणाला, "रेफ्रीनं आपणहून न्हाई दिली पेनल्टी. ह्यानं स्वतः सांगितलं म्हणे. रेफ्रीनं विचारलं, हाताला लागला का, तर हा म्हणाला, हो, लागला."

यजमानानं टीव्हीचा आवाज बंद केला.

"असं कसं?" यजमान म्हणाला. "म्हणजे... नाही, व्हॅल्यूज वगैरे ठीक आहे. पण फायनलमध्ये? थोडा तरी गेम अवेअरनेस पाहिजे ना रे."

"जगात कोण सांगतंय?" इंदिरानगरवाला सुटला. "व्हिडिओ बघून निकाल देतात तिथंसुद्धा प्लेअर तोंड मिटून उभे असतात. पकडलं तर पकडलं. हा काय हरिश्चंद्राचा अवतार? ताई, तू राग मानू नको, पण..."

"मग तू 'पण' कशाला लावतोस?" मी म्हणाले. "बोल की सरळ."

खरं तर मला त्याच्यापेक्षा जास्त राग आला होता, आणि तो माझ्या भावाचा आला होता. मनातल्या मनात मी त्याला कधीच झापायला सुरुवात केली होती. गाढवा, कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? रेफ्रीच्या नादाला लागू नको म्हटलं होतं ना? पण स्वतः रागावणं वेगळं आणि दुसऱ्यानं आपल्या माणसाला बोलणं वेगळं. माझं डोकं दोन्हीकडून तापलं होतं.

नागपूरची वहिनी चहाचा ट्रे घेऊन आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "एक विचारू का? तिकडच्या टीममधल्या पोरानं असं सांगितलं असतं, तर तुम्ही काय म्हटलं असतं बाप्पा?"

काका म्हणाले, "खुळा म्हटलं असतं त्याला. आणि ट्रॉफी घेऊन नाचत आलो असतो."

"मग?"

"मग काय? सरी आहे तुझं. पण माझं ऐक." काकांनी बशी खाली ठेवली. ते रागावलेले नव्हते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "खरं बोलणं चांगलं, ते मला बी म्हाईत हाय. पण ते पोरगं एकटं खेळत न्हवतं. ह्याच्यासंगं आणि धा जणं वर्षभर उन्हातान्हात पळालीत. कोण नोकरी सांभाळून, कोण दुखरा गुडघा बांधून. ह्यानं त्यांस्नी इचारलं व्हतं? खरं बोलायचं पुण्य ह्याला एकट्याला, आणि हार सगळ्यांच्या वाट्याला. हे कुठलं खिलाडूपण?"

वहिनी म्हणाली, "म्हणजे आधी मीटिंग घ्यायची होती का, खोटं बोलायचं की नाही त्याची?"

"मीटिंग कशाला? गप बसायचं. गप बसणं म्हंजे खोटं न्हवं."

"पण तो गप्प होताच की काका," मी म्हणाले. "रेफ्रीनं विचारलं तेव्हा बोलला. विचारल्यावर गप्प बसणं म्हणजे खोटंच."

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. मनात तर काकांचंच पटत होतं. दहा जणांचं ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं होतं, आणि आता तालमीत जमिनीवर बसलेल्या त्या दहा जणांच्या शेजारी माझा भाऊ बसला असेल, या विचारानं मी चहाचा कप तसाच ट्रेमध्ये परत ठेवला.

आवाज चढले होते. तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या कन्नड बाई होत्या. "स्वल्प मेल्लगे," त्या हात जोडून म्हणाल्या, जरा हळू. काका दारात जाऊन त्यांच्याच भाषेत म्हणाले, "सरी अक्का, सोत्बिट्वि." हरलो आम्ही. बाईंचा चेहरा एकदम उतरला. "अय्यो पाप," म्हणजे अरेरे, असं त्या म्हणाल्या आणि घरातलं कुणी गेल्यासारखी मी दिसत असेन म्हणून माझा खांदा थोपटून गेल्या. मला तिथं रडूच यायला लागलं होतं. मी ते दाबलं.

दार लावून सगळे परत बसले तेव्हा इंदिरानगरवाला हळू आवाजात म्हणाला, "ताई, ग्रुपवर वेगळंच चाललंय."

"काय?"

तो सांगेना. मी त्याच्या हातातून मोबाइल ओढून घेतला. पेठेच्या ग्रुपवर मजकूर धडाधड येत होता. भोळा आहे. खुळा आहे. नावं ठेवायला नकोत, पण. आणि मग एकानं लिहिलं होतं: विकला गेलाय. त्याखाली दुसऱ्यानं, मला आधीच शंका होती. त्याखाली तिसऱ्यानं फितूर. बघता बघता सगळे तेच लिहायला लागले.

मी हा शब्द आधी एकदा बघितला होता.

मी कॉलेजात असताना आमच्या गोलकीपरच्या दोन पायांतून चेंडू गेला आणि आमची सेमीफायनल गेली. कुणीतरी म्हणालं, विकला गेला. त्याला कुणी मारलं नाही. घरावर दगड पडला नाही. फक्त चहाच्या टपरीवर तो आला की बोलणं थांबायला लागलं. गणपतीत आरतीचं ताट त्याच्या घरापुढून सरळ पुढं जायला लागलं. त्याची आई आमच्या आईची मैत्रीण. ती भाजी घ्यायला दुसऱ्या पेठेत जायची. शेवटी ते घर सोडून कुठल्या तरी उपनगरात राहायला गेले, आणि गेल्यावरसुद्धा लोक म्हणाले, बघा, खरं होतं म्हणून गेला. आमच्याकडं हरलेल्याला चार दिवसांत माफ करतात, पण विकल्या गेलेल्याला कधीच नाही. आणि विकला गेला नव्हता हे कुणी कसं सिद्ध करायचं?

मी मोबाइल काकांसमोर धरला. "वाचा," म्हटलं. "तुम्ही म्हणाला दहा जणांचं नुकसान. ते एका वर्षाचं आहे. हे त्याचं आयुष्यभराचं आहे. माझी आई तिथं दार लावून बसलीय."

काकांनी चष्मा वर करून वाचलं. वाचायला त्यांना वेळ लागला. मला वाटलं, आता ते म्हणतील, लोकांची तोंडं कोण धरणार. तसं म्हणाले असते तर मी काय केलं असतं कोण जाणे. माझं तोंड सुटलं की मला थांबवता येत नाही, आणि त्या दिवशी काकांचं वयही मी बघितलं नसतं.

"शी," काका म्हणाले. "हे कोण म्हणतंय? खेळलंय का हे कधी?"

"काका, तुम्ही बोला तिथं. तुमचं ऐकतील."

"मी काय बोलू? पोरगं बरोबर हाय म्हणू? ते मी म्हणणार न्हाई. मला ते पटलेलं न्हाई."

"नका म्हणू बरोबर!" मी ओरडलेच. खालच्या बाईंचा विचार मनात आला आणि आवाज खाली आणला. "चूक म्हणा. पण विकलेला नाही एवढं म्हणा."

यजमान म्हणाला, "काका, एक व्हॉइस मेसेज फक्त." वहिनी तिथंच भिंतीला टेकून उभी होती. तिनं मला खुणेनं गप्प बसायला सांगितलं, आणि मी कधी नव्हे ती गप्प बसले. आता विनवणी करण्यासारखं माझ्याकडं काहीच उरलं नव्हतं.

काकांनी स्वतःचा मोबाइल काढला. बटण कुठलं ते यजमानानं दाखवलं. काकांनी मोबाइल तोंडासमोर आडवा धरला आणि गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जावं अशा आवाजात बोलले.

"मी बेंगळूरहून बोलतोय. पोरगं चुकलं. मी असतो तर बोललो नसतो, आणि भेटला की त्याला तसं सांगणार हाय. पण विकला म्हणणाऱ्यांनी जरा डोकं वापरावं. विकलेला माणूस हात वर करून सगळ्या गावासमोर कबूल हुतो व्हय? विकलेला माणूस गप एक पाय उशिरा टाकतो, चेंडू सोडतो, आणि कुणाला कळत बी न्हाई. सगळा सामना ते पोरगं जाग्यावरनं हाललं न्हाई, मी डोळ्यानं बघितलंय. तालमीत बसलेल्यांनी हे ऐकावं, आणि भाईर उभारलेल्यांनी बी."

एवढंच. शेवटी 'सरी' म्हणून त्यांनी बोट उचललं.

त्यांचे आभार मानायला पाहिजे होते. मला मानता आले नाहीत. 'पोरगं चुकलं' हे पहिलंच वाक्य होतं, आणि ते आता पेठेत घराघरांत वाजणार होतं. पण ते नसतं तर पुढचं कुणी ऐकलंच नसतं, हेही मला कळत होतं. मी नुसती मान हलवली. काकांनीही हलवली.

मग वाट बघणं. वाट बघण्याइतकं वाईट काम नाही, कारण त्यात करायला काहीच नसतं. ग्रुपवरचा पूर थांबला. थांबला म्हणजे पटलं की नुसतेच गप्प झाले, काय समजायचं? इंदिरानगरवाल्यानं कुणाला तरी फोन करून विचारलं. तालमीचं दार आतून लावलंय, बाहेर गर्दी आहे, पोलिसांची गाडी कोपऱ्यावर आहे. पोलिसांची गाडी फायनलला असतेच, सगळ्यांनी मला सांगितलं. मलाही ते माहीत होतं. तरी त्यानंतर मला फक्त ती गाडीच दिसायला लागली. मी भावाचा नंबर लावत राहिले. बंद. आईला सारखा फोन केला तर ती घाबरेल म्हणून केला नाही, आणि केला नाही म्हणून तिला काय वाटत असेल याची काळजी करत बसले.

आत वाद परत सुरू झाला होता, पण आता त्यात जीव नव्हता. यजमान म्हणत होता, रेफ्रीनं विचारायलाच नको होतं, ते रूलमध्ये बसतं का? इंदिरानगरवाला म्हणाला, पुढच्या वर्षी पोरांना शिकवायला पाहिजे, असं विचारलं तर 'मला दिसलं नाही' म्हणायचं. त्यावर वहिनी हसली आणि म्हणाली, स्वतःच्याच हाताला लागलेलं दिसलं नाही? काका उठून खिडकीपाशी उभे राहिले होते आणि मधूनच मोबाइल उघडून बघत होते. त्यांनाही त्या तालमीच्या दाराची काळजी लागली होती, हे मला तेव्हा दिसलं, आणि माझा त्यांच्यावरचा राग थोडा उतरला.

आता मी फोन लावायचं सोडून दिलं होतं. बोट दुखायला लागलं म्हणून नव्हे. दर वेळी 'बंद आहे' हे ऐकायची ताकद संपली म्हणून. मोबाइल मांडीवर उलटा ठेवून बसले होते तेव्हा तो थरथरला. भावाचं नाव. मी बाल्कनीत धावले आणि दार ओढून घेतलं.

"आक्का."

"कुठं हाईस?"

"घरात."

घरात. मी तिथंच खाली, कुंड्यांच्या शेजारी बसले. "लागलंय का कुठं? कुणी काय केलं का?"

"न्हाई गं. कोण काय करतंय."

"तालमीत काय झालं? नीट सांग."

"काय न्हाई. बसलो सगळी. पहिल्यांदा लई आवाज झाला. मग वस्तादांनी काकांचं बोलणं मोठ्यानं लावलं, भाईरच्यांस्नी ऐकू जाईल असं. त्यावर कोण बोललं न्हाई. कॅप्टन अजून बोलंना माझ्यासंगं. वस्ताद म्हणाले, पुढचं वर्ष भाईर बसायचं. मी व्हय म्हणालो."

"आणि विकला वगैरे?"

"ते न्हाई म्हणालं कोण परत. पलीकडची वैनी भाकरी घिऊन आलती मगाशी."

वैनी भाकरी घेऊन आली होती. मी मोठ्यानं श्वास सोडला. एक वर्ष बाहेर बसणं मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. बसू दे. जिवंत आहे, घरात आहे, दार उघडलंय. मी डोळे पुसले आणि मग माझ्या लक्षात आलं. वैनी मगाशी येऊन गेली. म्हणजे मगाशी हा घरी होता.

"सुटलास कधी तालमीतनं?"

"झाला असंल तास."

"तास?" मी म्हणाले. "मी इथं तासभर मरतेय, आणि तू घरात? मोबाइल बंद करून?"

"मुद्दाम लावला न्हाई."

"का?"

मला आईचा आवाज मागून ऐकू आला, ती त्याला काहीतरी वाढत होती, आणि तो 'नको' म्हणाला.

"आक्का," तो म्हणाला, "मैदानापास्नं चालत आलो न्हवं, दोन्ही अंगाला लोकं उभी हुती. कोण शिव्या द्यायचं, कोण थुकायचं. तवा काय वाटलं न्हाई. तालमीत बी न्हाई. घरात आलो, मोबाइल हातात घेतला, आणि तुझा फोन येणार म्हणून तसाच बंद ठेवला. मला दुसऱ्या कुणाची भीती वाटत न्हाई गं. तू काय म्हणशील, तेवढीच वाटती."

मी काहीच म्हणाले नव्हते. पण म्हणणार काय होते ते दुपारपासून माझ्या तोंडात तयार होतं, शब्दन्‌शब्द. त्यालाही तो शब्दन्‌शब्द माहीत होता. काचेपलीकडं काका माझ्याकडं बघत होते, हातानंच विचारत होते, बरा आहे ना?

"बोल की," भाऊ म्हणाला. "बोलून टाक एकदा, म्हंजे मला जेवण जाईल."